बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात, विणणाऱ्याचे गहू पडून!

मराठीत एक जुनी म्हण आहे. बोलणाऱ्याचे कुळीथसुद्धा विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. त्यामुळे ही म्हण आम्हाला पुस्तकात भेटली नाही, नाशिकच्या कापड पेठेत भेटली. गादीवर नवीन बसलेल्या लाजऱ्या पोराला जुनी माणसे ती ऐकवीत. पोराने तोंड उघडावे, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलावे, एवढाच तिचा अर्थ होता. आज तीच म्हण साऱ्या बाजाराचा हिशेब झाली आहे. बोलणाऱ्याला पगार, कमिशन आणि बक्षीस मिळते. बनवणाऱ्याला मजुरी मिळते, आणि त्याचे नाव तर कोणाला ठाऊकही नसते.

संध्याकाळी दुकानात चार व्यापारी बसले की तक्रारी निघतात. एकाला दिवसातून दहा वेळा कर्जाचे फोन येतात. दुसऱ्याला बँकेत कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी गेल्यावर विम्याची पॉलिसी गळ्यात मारली जाते. तिसरा सांगतो की, त्याच्या कारागिराने काढलेली नवी नक्षी आठ दिवसांत दुसऱ्याच्या मालावर आली, तीही निम्म्या भावाने. या तीन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात. आमच्या मते त्यांचे मूळ एकच आहे. मालापेक्षा माल गळ्यात मारण्याला किंमत आली आहे. म्हणून त्यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, आणि त्यात आपण व्यापारी कोठे उभे आहोत हेही पाहिले पाहिजे.

फोनची कटकट

प्रथम फोनचे पाहू. धंदेवाईक माणसाला फोन बंद ठेवता येत नाही. अनोळखी नंबर नव्या गिऱ्हाइकाचा असू शकतो, म्हणून तो उचलावाच लागतो. नेमका याच मजबुरीचा फायदा विक्री करणाऱ्या कंपन्या घेतात. गिऱ्हाइकापुढे थान उलगडून धरले आहे, भाव ठरत आला आहे, तेवढ्यात फोन वाजतो आणि पलीकडून कोणी तरी 'सर, आपल्यासाठी खास ऑफर' म्हणून सुरू होते. गिऱ्हाइकाचे लक्ष उडते आणि कधी कधी सौदाही उडतो.

यावर कायदा नाही असे नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००७ साली नको असलेल्या कॉलविरुद्ध पहिले नियम केले. २०११ पासून नवी व्यवस्था आली. २०१८ साली नियम पुन्हा नव्याने झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते आणखी कडक झाले. आता असा कॉल आल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार करता येते. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरुद्धच्या तक्रारीवर मोबाइल कंपनीने पाच दिवसांत कारवाई करायची आहे. जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच यावेत आणि बँका, विमा कंपन्या व सरकारी कचेऱ्या यांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक वापरावेत, अशी योजना आहे. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून कोणी कर्ज किंवा प्लॉट विकत असेल तर तो नियमाबाहेर आहे.

करायचे काय? आपल्या मोबाइलवरून १९०९ ला इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट' हा शब्द आणि पुढे शून्य असा संदेश पाठवावा. जाहिरातीचे सर्व प्रकार बंद करण्याची ती विनंती असते. तरीही कॉल आला तर नंबर, तारीख आणि काय विकत होते ते एका ओळीत लिहून १९०९ लाच कळवावे. ट्रायचे डीएनडी नावाचे ॲप आहे, त्यावरूनही तक्रार होते. हे सारे दोन मिनिटांचे काम आहे. पण आपल्यापैकी किती जण ते करतात? चिडून चार शब्द सुनावतात आणि फोन ठेवतात. तक्रारीची नोंदच झाली नाही तर कारवाई कशाच्या आधारावर होणार?

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. फोन करणारा मुलगा किंवा मुलगी हा आपला दुश्मन नव्हे. तीही आपल्याच मोहल्ल्यातली पोरे आहेत. शिक्षण बारावी, पगार थोडा आणि डोक्यावर टार्गेट. दिवसाला इतके कॉल झाले नाहीत तर नोकरी धोक्यात येते. त्यांना शिव्या देऊन काही साधत नाही. 'नको, नंबर काढून टाका' एवढे म्हणून फोन ठेवावा आणि तक्रार कंपनीविरुद्ध करावी.

कर्जाबरोबर विमा

दुसरी कटकट बँकेतली. आमच्या परिचयातील एका दुकानदाराची कॅश क्रेडिटची फाइल एका बँकेत महिनाभर अडकली होती. कागद सगळे पुरे होते. शेवटी टेबलापलीकडून सूचना आली की, एक पॉलिसी काढली तर साहेब लवकर सही करतील. त्यांनी ती काढली. हप्ता वर्षाला पन्नास हजारांचा. तेवढ्या रकमेत दुकानात पुष्कळ माल भरला असता.

कर्जदाराने बँकेकडूनच विमा घ्यावा अशी सक्ती करण्याचा बँकेला अधिकार नाही. तारण ठेवलेल्या मालाचा विमा असावा ही अट रास्त आहे, पण तो कोणाकडून घ्यायचा हे कर्जदार ठरवू शकतो. कर्जाशी संबंध नसलेली आयुर्विम्याची पॉलिसी ही तर निव्वळ विक्री आहे. अशी पॉलिसी गळ्यात पडली तरी वाट बंद होत नाही. एक वर्ष किंवा त्याहून जास्त मुदतीची आयुर्विम्याची वा आरोग्य विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांच्या आत परत करता येते. पूर्वी ही मुदत साधारणपणे पंधरा दिवसांची होती, २०२४ पासून ती तीस दिवस झाली. थोडी वजावट होऊन बाकीचा हप्ता परत मिळतो. म्हणून पॉलिसीचा कागद आला की कपाटात टाकू नये, त्याच दिवशी वाचावा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावा. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. तोंडी तक्रारीला किंमत नाही. लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

आपल्या दुकानांचे काय?

येथवर वाचून अनेक व्यापारी बंधू माना डोलावतील. पण गिऱ्हाइकाच्या जागी बसून आपल्या पेठेकडे पाहिले तर चित्र फार वेगळे नाही.

पूर्वी गिऱ्हाईक 'जरा बघून येतो' म्हणाले की दुकानदार 'जरूर या' म्हणत असे. आता त्याला दारापर्यंत गाठले जाते. दुकानाबाहेर माणसे उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारल्या जातात. शिर्डीकडून येवल्याकडे येणाऱ्या यात्रेकरूंची गाडी कोणत्या दुकानापुढे थांबेल हे साडीच्या दर्जावर ठरत नाही, ड्रायव्हरला मिळणाऱ्या कमिशनवर ठरते, असे पेठेत उघड बोलले जाते. ते कमिशन कोणाच्या खिशातून जाते? एक तर गिऱ्हाइकाच्या, नाही तर विणकराच्या. व्यापारी आपल्या नफ्यातून ते सहसा देत नाही.

तीच गत भिंतीवरच्या पाटीची. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' ही पाटी अजून शेकडो दुकानांत लटकलेली दिसते. ती अनुचित व्यापार प्रथा आहे असे केंद्र सरकारने १९९९ सालीच राज्यांना कळवले होते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याप्रमाणे सदोष माल परत घेण्यास नकार देणे आणि बिल न देणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारात मोडतात. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. गिऱ्हाइकाला रंग आवडला नाही म्हणून माल परत घेणे हा व्यापाऱ्याच्या खुशीचा मामला आहे. पण साडीत दोष निघाला तर पाटीकडे बोट दाखवून सुटका होत नाही. मालाचा ऐब आधी सांगावा आणि मग सौदा करावा, ही आपल्या वाडवडिलांची रीत होती. कायदा आज तेच सांगतो आहे.

मोबाइलवरच्या दुकानांनी तर कमाल केली आहे. 'फक्त दोन नग शिल्लक', 'ऑफर संपायला पाच मिनिटे', न मागितलेली वस्तू यादीत घुसडणे, सुरुवातीला एक किंमत आणि शेवटी दुसरी. अशा तेरा प्रकारांची यादी करून केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांना मनाई केली. आपल्यापैकी जे तरुण व्यापारी मोबाइलवरून साड्या व ड्रेस मटेरियल विकू लागले आहेत त्यांनी ही यादी जरूर पाहावी. खोटी घाई दाखवून केलेला सौदा एकदा होतो. तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

न बोलणारा माणूस

आता दुसऱ्या बाजूला जाऊ. एवढा सारा बोलबाला ज्याच्या मालावर चालतो तो माणूस कोठे आहे?

येवल्यातल्या एका घरात खड्डामागावर तो बसलेला असतो. पैठणीचा पदर विणणे म्हणजे काय हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला सांगायला नको. नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी. ती हाताने त्या रंगापुरतीच फिरवायची, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायची आणि परतवायची. मोर असो, मुनिया असो, असावलीचा वेल असो की अजंठ्याचे कमळ, एका ओळीत असे अनेक धागे सांभाळावे लागतात. म्हणूनच खरी पैठणी उलट्या बाजूनेही सुलट्यासारखीच दिसते. पाठीमागे लोंबणारे किंवा कापलेले धागे नसतात. यंत्रमागावरची नक्कल ओळखण्याची हीच सोपी खूण आहे. पदर उलटून पाहावा. रेशीम बहुतेक बंगळुरूकडचे आणि जर सुरतेची, पण कसब येवल्याचे. साध्या नक्षीच्या साडीला काही आठवडे लागतात. पदर आणि अंग भरगच्च असेल तर महिनेच्या महिने जातात.

ही साडी नाशिक, पुणे किंवा मुंबईच्या दुकानात जाते तेव्हा तिच्यावर दुकानाचे नाव असते, रंगाचे नाव असते, नक्षीचे नाव असते. एखाद्या नटीने नेसली तर तिचेही नाव जोडले जाते. विणणाऱ्याचे नाव मात्र कोठेच नसते. आम्ही ज्याला हुनर म्हणतो आणि मराठीत ज्याला कसब म्हणतात, ते साडीच्या किमतीत मोजले जाते, पण कोणाच्या खात्यावर जमा होत नाही.

२०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार मोजले गेले. त्यात विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत होते. पैठणीच्या चांगल्या विणकराला याहून अधिक मिळते, हे खरे. पण तो जी वस्तू घडवतो तिच्या किमतीशी त्याच्या मजुरीची तुलना करून पाहावी. मग त्याचा मुलगा मागावर बसण्याऐवजी फोनवर कर्ज विकणाऱ्या कंपनीत का जातो, याचे उत्तर मिळते. तेथे महिन्याला ठरलेला पगार आहे आणि गळ्यात ओळखपत्र आहे, त्यावर त्याचे नावही आहे!

मालेगावचे हुनर

येवल्याहून मालेगाव फार लांब नाही. तेथे हातमाग मागे पडून यंत्रमाग आले. आज तेथील मागांची संख्या लाखांत मोजली जाते. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी हे शहर कापडाच्या नकाशावर आणले. तेथे मजुरी पिकावर ठरते, म्हणजे बाण्याचे धागे किती त्यावर पैसे. धागा मोजता येतो, डोके मोजता येत नाही. कोणत्या रंगापुढे कोणता रंग ठेवायचा, काठात बुट्टी किती अंतराने घ्यायची, हे ज्या डिझाइन मास्टरच्या डोक्यातून निघते त्याचा हिशेब पिकात कोठेच बसत नाही.

फ्रान्समधील लिऑन शहराच्या जॅकार्ड नावाच्या कारागिराने १८०४ च्या सुमारास नक्षीचा माग बनवला. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर तो चालत असे. आज दोनशेहून अधिक वर्षे झाली तरी आपले लोक त्या यंत्राला जॅकार्डच म्हणतात. यंत्र बनवणाऱ्याचे नाव असे जगभर राहिले. त्याच यंत्रावर हजारो नक्ष्या काढणाऱ्या आपल्या मास्टरांपैकी एकाचे तरी नाव पेठेत कोणाला सांगता येईल काय?

मालेगावात डोके नाही असे कोणी म्हणू नये. याच शहरात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी साध्या कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' हा सिनेमा २००० साली काढला. पुढे तेथेच 'मालेगाव का सुपरमॅन' तयार झाला. त्यात सुपरमॅन झाले ते शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारे कामगार. ही धडपड फैजा अहमद खान यांनी २००८ च्या आपल्या माहितीपटातून बाहेर नेली. शफीक शेख २०११ साली कर्करोगाने गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट देशभर लागला आणि सारे जण वाहवा करू लागले. त्या चित्रपटातही मित्रामित्रांत एक भांडण आहे, ते लेखकाच्या मानाचे आहे. गोष्ट ज्याने लिहिली त्याला श्रेय का नाही? आमच्या मते मालेगावच्या प्रत्येक कारखान्यात हे भांडण आहे, फक्त तेथे ते कोणी बोलून दाखवत नाही. बाहेरच्याने कॅमेरा लावला म्हणजेच आपल्याला आपल्या माणसाचे हुनर दिसते, ही काही चांगली गोष्ट नव्हे.

नक्षीची चोरी

आता प्रश्न सर्वांत झोंबणारा. कारागिराने नवी नक्षी काढली, नमुना विणला आणि व्यापाऱ्याला दाखवण्यासाठी मोबाइलवर फोटो पाठवला. तो फोटो एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून दहा जणांकडे. पंधरा दिवसांत तीच नक्षी परगावच्या यंत्रमागावर. मूळ कारागिराचा माल अजून मागावरून उतरलेलाही नसतो, तोच बाजारात त्याची नक्कल आलेली असते. व्यापारी उलट त्यालाच म्हणतो, 'हे तर दोनशे रुपयाला मिळते, तुम्ही आठशे कसे मागता?'

यावरही कायदा आहे, पण तो वेळेवर वापरावा लागतो. २००० सालचा डिझाइन कायदा मे २००१ पासून लागू आहे. नक्षीची नोंदणी केली की प्रथम दहा वर्षे आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे हक्क राहतो. व्यक्तीला आणि लघुउद्योगाला अर्जाची फी एक हजार रुपये आहे. मुख्य अट ही की नक्षी नवी असावी आणि अर्जाआधी ती कोठेही जाहीर झालेली नसावी. म्हणजे आधी अर्ज आणि मग फोटो. आपण नेमके उलट करतो. नोंदणी न करता 'कॉपीराइट आमचाच' म्हणणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की, डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि यंत्रावर तिचे पन्नासहून अधिक नग निघाले तर कॉपीराइटचा हक्क संपतो.

कायद्यात उणीवही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. चोरी सिद्ध झाली तर प्रत्येक वेळचे पंचवीस हजार आणि एका नक्षीमागे जास्तीत जास्त पन्नास हजार रुपये एवढीच ठरलेली रक्कम मिळते. नाही तर नुकसानभरपाईचा दावा लावून कोर्टाची मनाई मिळवावी लागते. एकट्या विणकराला हे झेपत नाही. म्हणून हे काम सोसायटीने किंवा ज्या व्यापाऱ्यासाठी तो विणतो त्याने करावे, मात्र नोंदणी कारागिराच्या नावाने व्हावी किंवा त्याचा वाटा लेखी ठरावा.

पारंपरिक नक्ष्यांचा मामला वेगळा आहे. मोर आणि कमळ ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे. तेथे भौगोलिक उपदर्शन कायदा उपयोगी पडतो. तो १९९९ साली झाला आणि सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. पैठणीची नोंदणी त्यात झालेली आहे. पण संस्थेच्या नावाने नोंदणी होऊन भागत नाही. प्रत्येक विणकराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपले नाव चेन्नईच्या कार्यालयात लावून घ्यायचे असते. २०२० मध्ये त्याची फी नाममात्र करण्यात आली. हातमागाच्या मालासाठी २००६ पासून हातमाग चिन्हही आहे. याशिवाय १९८५ च्या कायद्याने ठरावीक साड्यांसह अकरा प्रकार हातमागासाठी राखून ठेवलेले आहेत. राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवत काठी, खण आणि घोंगडी या पाच पारंपरिक कापडांना जागा दिली आहे. कागद पुष्कळ आहेत. ते कारागिरापर्यंत नेणारा माणूस नाही, आणि बाजारात ये-जा असल्यामुळे तो माणूस व्यापारीच होऊ शकतो.

नाव सांगायची भीती

आम्ही ही गोष्ट पेठेत काढली की सर्व जण मान्य करतात आणि शेवटी एकच अडचण सांगतात. कारागिराचे नाव बिलावर लिहिले तर गिऱ्हाईक उद्या थेट त्याच्या घरी जाईल, किंवा शेजारचा दुकानदार त्याला पळवून नेईल. मग आम्ही खायचे काय?

ही भीती खोटी नाही, म्हणून तिला उत्तर दिले पाहिजे. व्यापारी नफा कशाबद्दल घेतो? तो सुताला भांडवल पुरवतो, आगाऊ रक्कम देतो, माल महिनोन्महिने सांभाळतो, दहांतून एक निवडतो, उधारी सोसतो, खराब निघाले तर परत घेतो. हे काम खरे आहे आणि त्याची किंमत घेणे हा त्याचा हक्क आहे. पण एखाद्याचा सारा नफा विणकराचा पत्ता लपवण्यावरच उभा असेल, तर तो आजच्या दिवसांत फार काळ टिकणार नाही. येवल्याच्या कारागिरांची मुलेही मोबाइल वापरतात. नाव व्यापाऱ्याने सांगितले नाही तर उद्या ती स्वतः सांगतील, आणि तेव्हा व्यापाऱ्याला विचारायला कोणी येणार नाही.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. त्यांना खर्च जवळजवळ नाही.

पहिली, हातमागाच्या प्रत्येक साडीच्या बिलावर तीन रकाने असावेत. माग हाताचा की यंत्राचा, जर कोणत्या प्रतीची आणि विणकराचे नाव. पत्ता द्यायची भीती वाटत असेल तर निदान नाव आणि गाव द्यावे. यंत्रमागाची साडी यंत्रमागाची म्हणूनच विकावी. तिलाही गिऱ्हाईक आहे. तिला पैठणी म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

दुसरी, नमुन्याची मजुरी वेगळी द्यावी. पिकाचे पैसे निराळे आणि डोक्याचे निराळे. नवी नक्षी चालली तर दर थानामागे मास्टरला ठरलेली रक्कम मिळावी, आणि ती खातेवहीत त्याच्या नावाने लिहावी.

तिसरी, दुसऱ्याच्या नमुन्याचा फोटो पुढे पाठवू नये. कोणी आणून दाखवला आणि 'हेच स्वस्तात करून द्या' म्हटले तर नाही म्हणावे. एका पेठेतील वीस दुकानदारांनी असे ठरवले तरी परगावच्या नकलेला येथे दार मिळणार नाही.

चौथी, दुकानाबाहेर माणूस उभा करण्यावर आणि ड्रायव्हरच्या कमिशनवर जो पैसा जातो त्यातला थोडा कारागिराच्या मजुरीत घालून पाहावा. माल चांगला असेल तर तोच बोलतो.

नाशिकमध्ये २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे. लाखो लोक या जिल्ह्यात येणार. हाका मारणारे, फोटो दाखवणारे आणि नक्कल विकणारे कामाला लागणारच. आपल्या कापड पेठेने तेवढ्या काळात आलेल्या माणसाला सरळ बिल दिले, मालाचा ऐब सांगितला आणि 'ही साडी अमक्या गावच्या अमक्याने विणली आहे' एवढे सांगितले, तर तो आपल्या गावी जाऊन ते चार जणांना सांगेल. अशी जाहिरात पैसे देऊन मिळत नाही. बरकत अशाच व्यापारात असते, असे आपले वडीलधारे म्हणत आले.

फोन बंद करायला १९०९ आहे, बँकेला जाब विचारायला लोकपाल आहे. विणकराचे नाव बिलावर लिहायला मात्र कोणताही कायदा आपल्यावर सक्ती करत नाही. ते आपल्याच हाताने लिहायचे आहे. व्यापारी बंधूंनी पुढचे बिलबुक छापायला टाकताना हा एक रकाना वाढवावा, एवढीच विनंती.